अर्धापूरची परीक्षा

कलाक्का माणसांना नंबरानं ओळखायची. उदगीरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती ऑपरेटर होती आणि गावातले दोन-अडीचशे फोन तिला तोंडपाठ होते. "चोवीस आज लई खोकून राहिले," असं ती म्हणाली, की समजायचं, डॉक्टर बिरादारांना सर्दी झाली आहे. "एकशे आठच्या घरी पाहुणे आलेत" म्हणजे धान्याच्या मोंढ्यातल्या एका आडत्याच्या मुलीला बघायला माणसं आली आहेत. पण पाहुणे कुठले आणि काय बोलले, हे कितीही खोदून विचारलं तरी तिच्या तोंडून बाहेर पडायचं नाही. "कान माझा, गोष्ट त्यांची," एवढंच म्हणायची.

मी लातूरहून उदगीरला नगरपालिकेच्या शाळेत नुकतीच लागले होते. पहिल्याच आठवड्यात मोठ्या बाईंनी मला लातूरचा ट्रंक कॉल बुक करायला सांगितला. मी आयुष्यात फोन उचलला नव्हता. रिसीव्हर कानाला लावून गप्प उभी राहिले, तर पलीकडून शांतपणे आवाज आला, "सदुसष्टवरून नवं माणूस श्वास घेऊन राहिलं. बोला बाई, फोन चावत न्हाई." कलाक्काची आणि माझी ओळख झाली ती अशी.

नाव कलावती सोनकांबळे. कानडी मुलूख जवळ, म्हणून आमच्याकडे थोरल्या बाईला अक्का म्हणतात. तशी ती गावाची कलाक्का. वय पंचेचाळिशीच्या आसपास, सावळी, ठेंगणी, सुती साडी आणि अंबाड्यात खोवलेली एक पेन्सिल. इतकी वर्षं हेडफोन लावून डावा कान कायम लालसर झालेला, आणि समोरासमोर बोलतानाही मान डावीकडे कललेली. वडील रेल्वेत गँगमन होते. त्यांनी लेकीला मॅट्रिकपर्यंत शिकवलं होतं. नवरा लवकर वारला, मूलबाळ नव्हतं. त्याहून जास्त तिनं कधी सांगितलं नाही. घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, सकाळी वंदना, मग गूळ घातलेला काळा चहा, मग ड्यूटी.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. उस्मानाबादचे कॉल कमी होऊन लातूरचे वाढले, एवढाच फरक एक्स्चेंजमध्ये पडला, असं ती म्हणायची. "मी बिदर जिल्ह्यात जन्मले, उस्मानाबाद जिल्ह्यात शिकले, आता लातूर जिल्ह्यात नोकरी करून राहिले," ती हसत सांगायची, "आणि घर एकच. खुंटीसुद्धा बदलली न्हाई."

आमच्या गावात एक सेवाभावी क्लब होता. डॉक्टर, वकील, आडते, एक-दोन प्राध्यापक, अशी वीसेक माणसं. दर गुरुवारी एका हॉटेलाच्या माडीवर सभा भरायची. अध्यक्ष छोट्या हातोडीनं घंटा वाजवायचे, सगळे कोटाला बिल्ला लावून बसायचे. बायकांना सभासद होता येत नसे. मंडळी मनानं चांगली होती, पण त्यांची सेवा म्हणजे दवाखान्यात फळवाटप, नाहीतर एसटी स्टँडला घड्याळ, आणि घड्याळापेक्षा त्याच्यावरचं क्लबचं नाव मोठं.

त्या साली पावसानं दगा दिला होता, आणि आदलं सालही काही बरं नव्हतं. तळ्यांचे तळ उघडे पडले होते. रोजगार हमीची कामं सुरू झाली आणि खेड्यापाड्यातल्या बाया पाझर तलावांवर माती उचलायला जाऊ लागल्या. अशात क्लबला वरून पत्र आलं, की यंदा सगळ्या शाखांनी साक्षरतेचं काम घ्यावं. बिरादार डॉक्टर त्या वर्षी अध्यक्ष होते. त्यांनी लातूरला आपल्या क्लबातल्या मित्राला फोन लावला आणि अडचण सांगितली: प्रौढ शिक्षणाचा वर्ग उघडला तर येणार कोण? दुष्काळात पाटी कोण धरतंय? एखाद्या शाळेला नकाशे देऊ आणि फोटो काढू.

आणि इथं कलाक्कानं नोकरीतला सगळ्यात मोठा नियम मोडला. ती मध्ये बोलली.

"डॉक्टरसाहेब, माफ करा, मधी बोलून राहिले. बाया येणार न्हाईत, हे खरं हाय. पण दोनशे बाया एका जागी बसून भाकर खायलेत, गावापासून तीन कोसावर. तुम्ही तिथं जावा की."

डॉक्टरांनी विचारलं, की हे सगळं तुम्ही ऐकत होता? तर ती म्हणाली, "बावीस वर्षं ऐकतेय. बोलले आज पहिल्यांदा. तक्रार करायची असली तर साहेबांचा नंबर जोडून देते."

डॉक्टरांनी तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद करून ते एक्स्चेंजच्या खिडकीशी येऊन उभे राहिले. तिथून पुढं क्लबच्या कागदावर काहीही लिहिलेलं असो, काम कलाक्का चालवायची. तिची रीत एकच होती. कुणाकडे काय आहे हे तिला ठाऊक असायचं, आणि ती त्याला ज्याला हवं आहे त्याच्याशी जोडून द्यायची. एकशे आठकडे ट्रक होता, त्यातून आम्ही कामावर जाऊ लागलो. पाट्या एका स्टेशनरीवाल्यानं दिल्या. आणि शिकवायला कोण, असा प्रश्न आला तेव्हा ती म्हणाली, "सदुसष्ट हाय ना." सदुसष्ट म्हणजे मी. शाळा सकाळची होती. दुपारी बाराला सुटले, की ट्रकच्या पुढच्या सीटवर बसून मी पाझर तलावावर जायची. ज्या दिवशी तिची रात्रपाळी असे, त्या दिवशी कलाक्काही झोप सोडून सोबत यायची.

वर्ग भाकरीच्या सुट्टीत भरायचा, एका लिंबाखाली. पहिल्या दिवशी तीस-पस्तीस बाया जमल्या, त्या बहुतेक गंमत बघायला. कलाक्का उभी राहिली आणि तिनं प्रत्येकीला नाव विचारलं. कुणी "मथुरा" म्हणाली, कुणी "सखूची माय". ते तिला चालायचं नाही. आपलं नाव, मग बापाचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव, असं सगळं म्हणायला लावलं, आणि तिथल्या तिथं खडूनं पाटीवर लिहून जिची पाटी तिच्या हातात दिली. मी विचारलं, तुम्ही तर माणसांना नंबरानं हाक मारता, मग इथं एवढा नावाचा आग्रह का?

"ज्याला नंबर न्हाई," ती म्हणाली, "त्याचं नाव तरी पुरं पाहिजे."

पंधरा दिवसांत तरण्या बाया भराभर पुढं गेल्या. पण चाळिशीच्या वरच्या ज्या दहा-बारा होत्या, त्या अक्षरावर अडकल्या त्या अडकल्याच. त्यांच्यात गोदावरीबाई म्हणून एक होत्या. उंच, कडक आवाजाच्या, कामावर सगळ्यांच्या पुढं. पण पाटी हातात घेतली की घामाघूम व्हायच्या. शेवटी एक दिवस त्यांनी पाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "बाई, आमचं डोस्कं म्हातारं झालंय. ह्यात आता काय शिरत न्हाई." मलाही ते खरं वाटलं. माझ्या अध्यापनाच्या पुस्तकात प्रौढांची ग्रहणशक्ती वगैरे काही लिहिलेलं होतं.

त्या दिवशी डॉक्टर बिरादार काम बघायला आले होते. कलाक्का गोदावरीबाईंकडे मान कलती करून बघत राहिली. मग तिनं ती पाटी उचलली, दहा पावलं लांब गेली आणि तिथून त्यांना दाखवली.

गोदावरीबाई म्हणाल्या, "ग. ग गवताचा."

कलाक्का परत आली, डॉक्टरांपुढं उभी राहिली आणि म्हणाली, "चोवीस, चष्मा काढा."

डॉक्टरांनी निमूटपणे आपला वाचायचा चष्मा काढून दिला. तो गोदावरीबाईंच्या नाकावर चढवला, पाटी हातात दिली. त्या बाईनं आधी पाटी बघितली, मग स्वतःच्या हाताची बोटं बघितली, मग कडेवरच्या नातीचा चेहरा बघितला. किती तरी वेळ त्या नातीलाच बघत होत्या. म्हणाल्या, "हिच्या गालावर तीळ हाय की गं."

पुढच्या गुरुवारी क्लबनं डोळे तपासायचं शिबिर ठरवलं, ते पहिल्यांदाच बॅनरशिवाय. लिंबाखाली चष्मे आले आणि म्हाताऱ्या झालेल्या डोक्यांत सगळं शिरू लागलं. मी अध्यापनाचं ते पुस्तक परत कधी उघडलं नाही. डॉक्टर चार दिवस चष्म्याशिवाय औषधांच्या बाटल्या लांब धरून वाचत होते, आणि कुणी विचारलं तर मोठ्या आनंदानं सांगत होते, की चष्मा शाळेत गेलाय.

उन्हाळा लागला तेव्हा डॉक्टरांनी परीक्षेची गोष्ट काढली. लातूरहून कुणी मोठा साहेब बोलवावा, बायांनी त्याच्यापुढं धडा वाचावा, प्रमाणपत्रं द्यावीत. कलाक्कानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, धडा त्यांना पाठ झालाय, पाटी उलटी धरली तरी वाचतील. परीक्षा घ्यायची तर नांदेडला जाऊन या म्हणावं. एसटीनं. सोबत गडीमाणूस नको, आणि गाडी कुठली हे कुणाला विचारायचं नाही. बोर्ड वाचायचा, बसायचं, गुरुद्वारा बघायचा, लंगरमध्ये जेवायचं आणि बोर्ड वाचून परत यायचं.

मी घाबरले. एकीनंही उदगीरचा बाजार सोडून पुढचं काही बघितलं नव्हतं. पण त्यांना विचारलं तर अकरा जणी तयार. एकेकीच्या घरी जाऊन परवानगी काढणं हे कलाक्काचं काम. गोदावरीबाईंचा थोरला मुलगा किसन सगळ्यात जास्त अडून बसला. त्याला तिनं एवढंच विचारलं, की आई हरवली तर तू शोधशीलच, पण तू हरवलास तर बोर्ड वाचून तुला शोधत यायची सवय तिला नको का?

सुट्टीच्या दिवशी पहाटेच्या गाडीनं अकरा जणी निघाल्या. नवे चष्मे, धुतलेली लुगडी, भाकरी-ठेच्याची फडकी. नांदेडची गाडी त्यांनी बिनचूक ओळखली. मी आणि डॉक्टर खांबाआड उभे राहून बघत होतो.

संध्याकाळी पाचला परत यायला हव्या होत्या. पाचची गाडी आली, त्यात एकही नव्हती. साडेपाचची आली, त्यातही नाही. सहाच्या सुमारास एक्स्चेंजबाहेर माणसं जमली. किसन पुढं होता आणि त्याचा आवाज चढला होता. बायांना घराबाहेर काढून कुठं पाठवलं, जबाबदारी कुणाची, पोलिसात जातो. मला रडू येऊन राहिलं होतं. डॉक्टर खिडकीतून आत वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, की आता क्लबचं नाव जाईल.

कलाक्का बोर्डापुढं बसली होती. तिनं प्लग ओढता ओढता उत्तर दिलं, "क्लबचं नाव जाऊ द्या डॉक्टरसाहेब. बाया कुठं गेल्या ते बघू." आवाज नेहमीसारखा होता, पण अंबाड्यातली पेन्सिल तिनं हातात घेतली होती आणि कागदावर नांदेड, नांदेड असं पुन्हा पुन्हा गिरवत होती. एवढं घाबरलेलं मी तिला त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिलं नाही.

साडेसहाला बोर्डावरचा एक दिवा लागला. नांदेडकडून ट्रंक. कलाक्कानं कान लावला आणि तिची मान आणखी कलली. पलीकडून गोदावरीबाई इतक्या ओरडून बोलत होत्या, की खिडकीबाहेर आम्हालाही ऐकू येत होतं. बया, आम्ही सगळ्या हाव, बऱ्या हाव, पण अहमदपूर काही निराळंच दिसून राहिलंय.

घडलं ते असं. परतीची थेट उदगीरची गाडी भरून गेली होती. तेव्हा अकरा जणींनी आपसांत विचार केला, की अहमदपूरपर्यंत जावं आणि तिथून दुसरी गाडी धरावी. विचार अगदी बरोबर होता. मग त्यांनी बोर्ड शोधला. सुरुवातीला अ, शेवटी पूर, अशी गाडी दिसली आणि त्या बसल्या. कंडक्टरनं कुठं म्हणून विचारलं नाही. अकरा डोकी मोजून अकरा तिकिटं फाडली. एवढ्या स्वस्तात अहमदपूर, म्हणून त्या खूशही झाल्या. गाडी उलट्या अंगाला चालली. अर्ध्या तासात दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा सुरू झाल्या, पाटात पाणी, हिरवंगार सगळं. ज्यांनी सहा महिने ओल्या मातीचं ढेकूळ बघितलं नव्हतं, त्या अकरा जणी खिडकीला नाक लावून बसल्या. गोदावरीबाईंनी विचारलं, "अहमदपूर एवढं हिरवं कवा झालं?"

उतरल्यावर त्यांना शंका आली. पण विचारायचं नाही, असं ठरलेलं. म्हणून त्यांनी टपाल लिहिलेली पाटी शोधली, आत गेल्या आणि उदगीरची ऑपरेटर मागितली.

कलाक्कानं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "गोदावरीबाई, समोर भिंतीवर गावाचं नाव असंल. वाचा."

"अ," पलीकडून आवाज आला. "मग धा. मग पूर."

"धा एकटाच हाय का? डोक्यावर काय?"

"डोक्यावर कोयत्यावानी काय तरी हाय. बाईनी ते शिकवलंच न्हाई."

खिडकीबाहेर माझी मान खाली गेली. खरंच, जोडाक्षरं मी पावसाळ्यावर ढकलली होती.

"तो र हाय," कलाक्का म्हणाली. "वर चढून बसलाय. दिसायला धाच्या डोक्यावर, पण म्हणायचा आधी. म्हणा."

पलीकडे थोडा वेळ खरखर ऐकू येत राहिली. मग अकराही जणींचा मिळून आवाज आला, "अर्धापूर."

कलाक्का खुर्चीत मागं रेलली. हेडफोन कानावरून थोडा सरकवला आणि बाहेरच्या गर्दीला म्हणाली, "अर्धापुरात हायेत. सगळ्या. पास झाल्या."

किसन तावातावानं म्हणाला, की चुकीच्या गावाला गेल्या, त्या पास कशा?

"चुकल्या, ते त्यांचं त्यांनीच वाचून ओळखलं," ती म्हणाली. "आजवर चुकल्यावर दुसऱ्याला विचारावं लागत होतं."

किसन पायरीवर बसला. थोड्या वेळानं त्यानं मला विचारलं, की तो कोयत्यासारखा र पाटीवर काढून दाखवता का? मी दाखवला. तो चौथीत शाळा सोडलेला होता.

मग कलाक्कानं नांदेडचा एक नंबर जोडला. तिथल्या क्लबचे सचिव एक वकील होते. त्यांना बिरादार डॉक्टरांनी सगळं सांगितलं. वकीलसाहेब आपल्या बायकोला घेऊन तासाभरात अर्धापूरला पोचले, आणि एका बागायतदाराच्या घरी अकरा जणींची सोय झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या परत आल्या. गाडीच्या टपावर केळीचे सहा घड होते. स्टँडवर निम्मं गाव जमलं होतं. गोदावरीबाईंनी पहिलं केळं किसनच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "खा. वाचून आणलंय."

त्या आठवड्यापासून लिंबाखाली जागा पुरेना. गडीमाणसंही येऊन मागं बसू लागली, आधी लाजत, मग पाटी मागत. मी पहिला धडा बदलला. अजूनही कुणी मला जोडाक्षरं कशी शिकवावीत असं विचारलं, तर मी फळ्यावर आधी अर्धापूर लिहिते.

पाऊस पुढच्या साली बरा झाला, कामं बंद झाली, पण वर्ग गावोगाव पांगले आणि चालू राहिले. क्लबची मंडळी पाळीपाळीनं जायची. आडते गणित शिकवायचे, आणि बिल्ला लावायला विसरायचे. काही वर्षांनी बायकांना सभासद करून घ्यायची मोकळीक झाली. पहिलं नाव डॉक्टरांनी कलाक्काचं सुचवलं. सत्काराला ती आली, बिल्ला लावून घेतला आणि भाषण करा म्हटल्यावर उभी राहून म्हणाली, की तीन मिनिटं झाल्यावर मी सगळ्यांचे कॉल तोडत आलेय, तेव्हा माझं मीच तोडते. आणि खाली बसली.

पुढं माझी बदली झाली, लग्न होऊन मी नांदेडला आले. उदगीरला आपोआप चालणारं एक्स्चेंज आलं, ऑपरेटरचं काम संपलं, कलाक्का निवृत्त झाली. पत्रं यायची. छोटी, तार असावी तशी.

तिला मी शेवटची पाहिली ती शिरूर अनंतपाळला. क्लबनं तिथं एक वाचनालय उघडलं होतं, दोन खोल्या आणि चार कपाटं, आणि निवृत्तीनंतर ती आठवड्यातून दोनदा एसटीनं तिथं जायची. मी पोचले तेव्हा दुपार होती. सतरंजीवर पंधरा-वीस बाया बसल्या होत्या आणि मध्ये एक पन्नाशीची बाई गोष्टीचं पुस्तक वाचत होती. एकेक शब्द, बोट ठेवून, पायरी उतरावी तसा. कलाक्का तिच्या अगदी शेजारी. डावा कान आता पुरता गेला होता, उजव्यालाही कमीच ऐकू यायचं, म्हणून तिनं तो त्या बाईच्या तोंडाशी नेला होता. केस पांढरे, चेहरा लहान झालेला.

तिनं मला पाहिलं. ओळखलं. डोळे हसले. पण उठली नाही. फक्त एक बोट वर केलं, थांबा म्हणून.

माझी परतीची गाडी चारला होती. मी दाराशी चपला काढून बसले. ती बाई एका ओळीवर अडली, मागं गेली, परत आली. कुणी घाई केली नाही. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, कंडक्टरनं घंटी दिली, गाडी गेल्याचा आवाज आला. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. वाचणारी बाई ओशाळून थांबली.

कलाक्काला गाडी ऐकू आली नव्हती. तिला एवढंच कळलं, की वाचणं थांबलंय. तिनं त्या बाईच्या गुडघ्यावर हलकेच थोपटलं आणि म्हणाली, "थांबलीस का गं? वाच. अजून अर्धं पान हाय."